बिननावाचे लाकूड सरपणाच्या भावात देण्यापूर्वी

सध्या आपल्या भागात जुनी घरे उतरवण्याचा सपाटा चालू आहे. माळवद काढायचे, भिंती पाडायच्या आणि स्लॅबचे घर बांधायचे. त्यात गैर काही नाही, पावसाळ्यात गळणाऱ्या घरात कोण राहील? पण घर उतरवले की खांब, तुळया, वासे, कडीपाट, चौकटी, उंबरे असा मोठा ढीग अंगणात पडतो. कोपऱ्यात बांधावरच्या पडलेल्या झाडाचा एखादा ओंडका आधीपासून असतोच. मग टेम्पो घेऊन कोणीतरी येतो, ढिगाकडे नजर टाकतो आणि उक्ता आकडा सांगतो. घरातली मंडळी म्हणतात, "जाऊ दे बाबा, जागा तरी मोकळी होईल."

ढिगात कशाकशाचे लाकूड आहे असे विचारले, तर दहातल्या आठ ठिकाणी एकच उत्तर मिळते. "असेल जुनं सागवान." आजोबांनी कुठून आणले, कोणत्या झाडाचे आणले हे सांगणारे माणूस आता हयात नसते. लाकडावर तर काही लिहिलेले नसते. खताच्या पोत्यावर घटक छापलेले असतात, बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, लाकडाला काहीच नाही. म्हणून देणारा अंदाजाने देतो आणि घेणारा मात्र ओळखून घेतो.

यात दोन्ही बाजूंनी नुकसान होते. आमच्या कामाच्या गावांपैकी एका गावात जुन्या घराचे सगळे लाकूड जळणाच्या भावाने, वजनावर गेले. वखारीत करवत लागल्यावर कळले की त्यातले दोन खांब आणि झोपाळ्याची फळी शिसवीची होती. दुसऱ्या गावात उलटे झाले. तिथल्या एका बागायतदाराने गिटार बनवणाऱ्या कारागिराला शिसवी म्हणून लाकूड दाखवले आणि विसारही घेतला. माल पोचल्यावर ते शिरसाचे निघाले. विसार परत द्यावा लागला, टेम्पोचे भाडे अंगावर पडले. त्याने फसवले नव्हते. वडील शिसवी म्हणायचे म्हणून तोही शिसवी म्हणाला, एवढेच.

गिटारचे लाकूड आणि आपला काय संबंध, असे वाटेल. पण वाद्यांच्या धंद्याशी आपल्या शेतकऱ्याचे नाते जुने आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतातून येतो. दांडीसाठी आणि तबलीसाठी मिरजेचे कारागीर तुणीचे लाकूड वापरतात. बाजारात त्याला लाल देवदार म्हणतात, पण हिमालयातल्या देवदाराशी त्याचे काही नाते नाही. तबल्याच्या खोडाला शिसवी, बिबला, खैर लागतो. दक्षिणेत तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची करतात. म्हणजे आपल्या बांधावरच्या झाडांनी गाणे-बजावणे पूर्वीपासून सांभाळले आहे.

गिटारलाही आपली शिसवी हवी असते. गिटारची वरची तबली स्प्रूस किंवा सीडर या थंड मुलखातल्या हलक्या, सरळ धाग्याच्या लाकडाची असते, ते आपल्याकडे होत नाही. पण पाठ, बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या आणि बोटे फिरतात ती दांडीवरची पट्टी यांना शिसवी फार मानाची. पूर्वी परदेशातले कारखाने ब्राझीलची शिसवी वापरत. ती दुर्मीळ झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन या नावाजलेल्या कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली आणि तेव्हापासून जगभर आपली शिसवी ठरून गेली. आता पुणे, मुंबई, गोवा, बंगळूर इथे हाताने गिटार बनवणारे मोजके कारागीर आहेत. त्यांना ट्रकभर माल नको असतो. चार चांगल्या फळ्या हव्या असतात, आणि त्या कोरड्या, जुन्या असल्या तर फारच बरे.

नाव एक, झाडे दोन

पहिला घोळ नावाचा आहे. आपण शिसव, शिसवी किंवा शिसम म्हणतो ते सह्याद्रीच्या कुशीतले झाड, शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेत शीशम म्हणतात ते वेगळे, डालबर्जिया सिस्सू. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला जे लावले जाते ते हे दुसरे, आपल्याकडे त्याला शिसू म्हणतात. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही मजबूत. पण गिटारवाला शिसवी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिले असते. फर्निचरच्या दुकानात "शीशमचे" म्हणून मिळते ते बहुधा दुसरे असते.

झाड उभे असेल तर ओळख सोपी आहे. शिसवीच्या पानात पाच ते सात पर्णिका असतात, रुंद, टोकाला गोलसर आणि बहुतेक वेळा मध्ये थोडी खाच असलेल्या. शिसूच्या पर्णिका तीन ते पाच, आणि टोक निमुळते होत गेलेले, पिंपळाच्या पानाची छोटी आवृत्ती म्हणा. दोन्हींना चपट्या, पातळ शेंगा येतात. एकदा झाड आडवे झाले, पाने वाळून गेली, की हा सोपा पुरावा संपतो. म्हणून वादळात झाड पडले तर आधी त्याच्या पानांची एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. खर्च काही नाही.

ओंडक्याचे तोंड बघा

बहुतेक माणसे लाकूड बाजूने बघतात, रंगावरून नाव ठेवतात. जुन्या लाकडाचा रंग हा सर्वात खोटा साक्षीदार. चुलीच्या धुराने पन्नास-साठ वर्षे काळा झालेला ऐन शिसवीसारखा दिसतो. उन्हापावसात पडलेली खरी शिसवी बाभळीसारखी करडी दिसते. तेव्हा आधी सुताराकडून रंध्याचे दोन-चार हात मारून घ्या किंवा पटाशीने एक ढलपी काढा. आतला ताजा रंग बघा. शिसवीत सोनेरी तपकिरीपासून जांभळटापर्यंत छटा असतात आणि त्यात काळ्या रेषा जातात. ही जांभळी झाक महत्त्वाची. शिसूत ती नसते, तिथे नुसता सोनेरी ते गडद तपकिरी रंग. ऐनातही तपकिरी आणि काळपट रेषा असतात, जांभळे काही नसते.

पण खरी ओळख आडव्या छेदात, म्हणजे ओंडक्याच्या तोंडावर असते. करवतीने कापलेले तोंड खरखरीत असते, त्यावर काही दिसत नाही. नवे ब्लेड घ्या, तोंडाचा बोटभर भाग किंचित ओला करा आणि पातळ काप काढून तो गुळगुळीत करा. मग दहापट दाखवणारे भिंग लावा. किडीची अंडी, फुलकिडे बघायला आपण वापरतो तेच भिंग चालते. ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे त्यांच्या खिशात ते असतेच.

पहिला प्रश्न, छिद्रे दिसतात का? दिसत नसतील, सगळे सारखे गुळगुळीत असेल, तर ते पाईन, स्प्रूस, देवदार अशा सूचिपर्णी झाडाचे लाकूड. आपल्या जुन्या घरात असे सहसा मिळत नाही, पण खोक्यांत मिळते. त्याबद्दल पुढे सांगतो.

छिद्रे दिसली तर ती कशी पसरली आहेत ते बघा. सागाच्या तोंडावर दर वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते, जणू पेरणीची ओळ. पुढे छिद्रे बारीक होत जातात, मग पुन्हा मोठी रांग. भिंगाशिवायही दिसते. तुणीतही वलये ठळक असतात, पण लाकूड हलके, विटकरी तांबूस आणि वासाला गोड. शिसवीत अशी रांग नसते. छिद्रे मोठी, विरळ आणि सगळीकडे विखुरलेली असतात आणि त्यांच्या भोवताली फिकट, नागमोडी बारीक रेषा असतात.

दुसरी खूण बाजूच्या फळीवर आहे, आणि माझ्या मते शिसवीसाठी हीच सर्वात कामाची. सालीला समांतर चिरलेली बाजू चांगली गुळगुळीत करा आणि तिरप्या उजेडात धरा. शिसवीवर धाग्याला आडव्या अशा अतिशय बारीक लहरी दिसतात, संथ पाण्यावर वारा आला की उठतात तशा. भिंगातून स्पष्ट दिसतात, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनीही पुसट जाणवतात. शिसू आणि बिबला यांनाही या लहरी असतात. सागाला नसतात, खैराला नसतात आणि शिरसालाही नसतात. वर सांगितलेल्या बागायतदाराचा व्यवहार या एका खुणेवर वाचला असता. शिरसाचा गाभाही गडद तपकिरी आणि देखणा असतो, त्यामुळे तो शिसवी म्हणून खपतो. पण त्यात लहरी नाहीत, आणि वजनाला तो बराच कमी भरतो. शिवाय शिरस चिरताना भुशाने शिंका येतात, हे कोणताही वखारवाला सांगेल.

तराजू खोटे बोलत नाही

आता वजनाचे. हातात उचलून "जड आहे" म्हणणे उपयोगाचे नाही, ओले लाकूड सगळेच जड. कोरड्या लाकडाचा चौकोनी तुकडा करा, लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये मोजा आणि गुणाकार करा. मग किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ग्रॅममध्ये वजन करा. वजनाला गुणाकाराने भागा. समजा तुकडा ३० सेंमी लांब, १० रुंद, ५ जाड आहे. गुणाकार १५००. वजन भरले १२७५ ग्रॅम. भागाकार ०.८५. हा आकडा शिसवीच्या जागेत बसतो.

कोरड्या शिसवीचा आकडा साधारण ०.७५ ते ०.९० च्या दरम्यान येतो. शिसू ०.८ च्या आसपास. साग ०.६५ च्या जवळपास, शिरस ०.६ च्या आगेमागे, तुण ०.५ च्या आसपास. ऐन शिसवीइतकाच जड, म्हणून ऐनाला वजनाने पकडता येत नाही, रंगाने आणि वासाने पकडा. खैर १ च्या घरात जातो, आणि अंजनाचा गाभा पाण्यात टाकला तर बुडतो. घनफुटाच्या भाषेत सांगायचे तर शिसवीचा एक घनफूट सुमारे २४ किलो भरेल, सागाचा १८ ते १९, तुणीचा १४. म्हणजे वजनावर लाकूड विकणाऱ्याने आपण किती घनफूट देतो आहोत याचा हिशेब उलटा करून बघावा. एकाच जातीतही आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून केवळ आकड्यावरून नाव देऊ नका. आकडा काय नाही ते छान सांगतो. ०.६ आला तर ती शिसवी नव्हे, वाद संपला.

वासाचे थोडक्यात. ताजा छेद घेतल्यावर शिसवीला गोडसर, गुलाबाकडे झुकणारा वास येतो, इंग्रजीत तिला गुलाबाचे लाकूड म्हणतात ते त्यामुळेच. सागाला कमावलेल्या चामड्यासारखा वास आणि हाताला तेलकटपणा. ऐनाला ध्यानात राहील असा वास नाही. कापसावर थोडे स्पिरिट घेऊन ताज्या छेदावर घासले तर शिसवीचा जांभळट-तांबूस रंग कापसाला लागतो.

बिबल्याची परीक्षा तर लहान मुलांना दाखवावी अशी आहे. त्याच्या ढलप्या पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा. पाणी पिवळट तपकिरी होते, आणि सकाळी उन्हात धरले की त्यात निळी झाक चमकते. मधुमेहासाठी बिबल्याच्या पेल्यातले पाणी पितात ते हेच लाकूड. (पाणी पिऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका, हे जाता जाता.) फणसाचे लाकूड ताजे चिरले की हळदीसारखे पिवळे दिसते आणि उघड्यावर राहिले की हळूहळू तपकिरी होते.

एक सावधगिरी. शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगाला पुरळ उठते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. घासकाम करताना नाकातोंडाला फडके बांधा. आणि चव घेऊन लाकूड ओळखण्याची हौस नको.

नावच कळले नाही तर

एवढे करूनही काही तुकड्यांचे नाव लागणार नाही. लागू नये म्हणून काही बिघडत नाही. कारागिराला नावाआधी लाकडाची वागणूक कळायला हवी असते. धागा सरळ आहे का, गाठी किती, चिरा गेल्यात का, वाळले आहे का, पीळ पडला आहे का.

याची जगात मोठी उदाहरणे आहेत. टेलर या अमेरिकन गिटार कंपनीने १९९५ मध्ये माल वाहून आणणाऱ्या टाकाऊ पॅलेटच्या लाकडाची गिटार बनवून मोठ्या प्रदर्शनात मांडली, आणि ती उत्तम वाजत होती. त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी, १८६२ मध्ये स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोरेस या थोर कारागिराने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार तयार केली होती. आवाजाची मुख्य जबाबदारी वरच्या तबलीची आहे, हे त्याला दाखवायचे होते. इंग्लंडमधल्या क्वीन या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने आपली गिटार बनवायला घेतली. तिची दांडी जुन्या घरातल्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून काढलेली आहे, आणि तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. आपल्याकडे उतरवलेल्या घराच्या चौकटी बंबात जातात.

तेव्हा नाव न लागलेल्या फळीची एक साधी परीक्षा घ्या. फळी एका टोकापासून लांबीच्या साधारण पाव भागावर दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून लोंबकळू द्या आणि मध्ये बोटाच्या पेराने टकटक करा. स्वच्छ, थोडा वेळ टिकणारा नाद आला तर फळी बाजूला काढा. "ठप" असा मेलेला आवाज आला तर आत चीर आहे, कीड आहे किंवा ओल आहे. बैलाच्या घंटेचा नाद ओळखणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको.

गिऱ्हाईकाला मात्र स्पष्ट सांगा: "नाव खात्रीने माहीत नाही, जुन्या घरातले आहे, वजनाचा आकडा इतका, लहरी आहेत किंवा नाहीत." अशा मालाला भाव थोडा कमी मिळेल, पण तो परत येणार नाही.

खोक्यांच्या लाकडाबद्दल सांगायचे राहिले. तासगाव, मिरज, नाशिककडच्या निर्यातदार द्राक्षबागायतदारांना पॅलेटवरचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का माहीत आहे. परदेशातून यंत्रसामग्री येते तिच्या खोक्यावरही तो असतो. लाकडावरचे हे एकमेव लेबल, पण ते झाडाचे नाव सांगत नाही. दोन अक्षरे देशाची, पुढे एक क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची खूण. एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. एमबी असलेले लाकूड घरगुती कामाला किंवा वाद्याला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एचटी असलेल्या युरोपीय खोक्यात कधीमधी सरळ, दाट रेषांची सुंदर फळी सापडते.

कसे चिरावे, कसे ठेवावे

सर्वात जास्त नुकसान होते ते करवतीखाली. टेम्पोत मावावे म्हणून दोन-दोन फुटांचे तुकडे करतात आणि तिथेच गिटारच्या बाजूच्या पट्ट्या गेल्या. एका पट्टीला सुमारे ८० सेंमी लांबी आणि १२-१३ सेंमी रुंदी लागते. पाठ दोन अर्ध्यांची असते, एक अर्धा सुमारे ५५ सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद. दांडीवरच्या पट्टीला ५० सेंमी लांब, ७ सेंमी रुंद, सेंटीमीटरभर जाड तुकडा पुरतो. म्हणजे सहा इंची खांबातून पाठीचा पूर्ण रुंद अर्धा निघणार नाही, पण बाजूच्या पट्ट्या आणि दांडीवरच्या पट्ट्या भरपूर निघतील. झोपाळ्याच्या रुंद फळीत सगळेच निघते. मात्र शिसवी झोपाळा अखंड आणि धड असेल तर तो मोडू नका, कड्यांसकट तसाच ठेवा. त्याची किंमत चिरलेल्या लाकडाहून जास्त.

वखारीत सांगायचे ते एवढेच, की फळीच्या तोंडावरच्या वलयांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात, उभ्या याव्यात. अशी फळी कमी आक्रसते, कमी पिळते. नाहीतर गिऱ्हाईक आल्यावर त्याच्या मापाने चिरून द्यावे, तोवर खांब अखंड ठेवावा. चिरण्याआधी जुन्या लाकडावरून लोहचुंबक फिरवा. एक विसरलेला खिळा वखारवाल्याचे पाते तोडतो, आणि मग तो पुढचे लाकूड घेत नाही.

ताज्या ओंडक्याचे दोन्ही तोंड त्याच दिवशी ऑइलपेंटने किंवा मेणाने बंद करा. ओल तोंडातून भराभर जाते आणि तोंडे उलतात. फळ्या सावलीत, जमिनीपासून हातभर वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पत्र्याखाली उन्हात नको. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना ठोकताळा आहे. वाळले की नाही हे बघायला एक फळी दर महिन्याला तोला आणि वजन त्याच फळीवर पेन्सिलने लिहा. वजन उतरायचे थांबले की हवेपुरती वाळली. वाद्यवाल्याला ओलावा आठ-दहा टक्क्यांच्या आसपास हवा असतो, ते शेवटचे काम तो त्याच्याकडे करून घेतो.

कागदाशिवाय फळी हलवू नका

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेब (आताचे ग्राम महसूल अधिकारी), हा भाग तुमच्यासाठीही आहे. लोक आधी तुमच्याकडेच येतात. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतले झाड असले तरी झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा लागू आहे. साग, खैर, चंदन, ऐन, फणस, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे त्याच्या यादीत येतात. शिसवीच्या उभ्या झाडाबाबत तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारून घ्यावे, तोंडी "चालतंय की" वर विसंबू नये. वाहतुकीच्या परवान्याचेही तिथेच विचारावे. सोबत सातबारा लागेल आणि झाड कोणत्या गटात, कोणत्या बांधावर हे सांगता आले पाहिजे.

जुन्या घराच्या लाकडासाठी घर उतरवण्यापूर्वी खांब-तुळयांसह फोटो काढा, तारीख दिसेल असे. नमुना ८ चा उतारा जोडा आणि घर पाडून लाकूड निघाल्याचे ग्रामपंचायतीचे पत्र घ्या. ग्रामपंचायतीने असे पत्र देताना झाडाचे नाव अंदाजाने लिहू नये. "जुन्या घराचे वापरलेले लाकूड, इतके नग, इतके माप" एवढे पुरे. चुकीचे नाव लिहिलेला कागद हा कागद नसण्यापेक्षा जास्त त्रास देतो.

परदेशी गिऱ्हाईकाचे तर आणखी कडक आहे. साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या डालबर्जिया जाती आल्या. तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली, पण फळ्या-ओंडक्यांना नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर सरकारी छापे पडले तेव्हा भारतातून गेलेले शिसवी आणि आबनूसाचे लाकूडही जप्त झाले होते. कागदावर मालाचे वर्णन काय आणि प्रत्यक्ष माल काय, हा तिथला एक मुद्दा होता. एवढ्या मोठ्या कंपनीला हे चुकत नाही, तर कुरिअरने दोन फळ्या परदेशी पाठवतो म्हणणाऱ्याने विचार करावा.

माल किमतीचा वाटला आणि खात्री हवी असली तर लाकूड ओळखून देणाऱ्या सरकारी संस्था आहेत. बंगळूरला काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आणि देहरादूनला वन संशोधन संस्था. आधी पत्र पाठवून शुल्क आणि नमुन्याचे माप विचारा. नमुना गाभ्यातला घ्या, सालीजवळचा पांढरा भाग नको. तळहाताएवढा, कोरडा, कीड नसलेला, रंग-पॉलिश न लागलेला तुकडा काढा. त्याच लाकडाचा जोडीचा तुकडा घरी ठेवा आणि दोन्हींवर एकच क्रमांक टाका. मोठ्या लाकडाच्या तोंडावरही गेरूने तोच क्रमांक लिहा, म्हणजे उत्तर आल्यावर ते कोणत्या खांबाचे हे शोधत बसावे लागणार नाही. सोबतच्या चिठ्ठीत गाव, घर किती वर्षांचे, लाकूड घरात कुठे होते ते लिहा. पानांची दाबलेली फांदी असेल तर तीही घाला.